वर्षाच्या आत

चहा बशीत ओतता ओतता आण्णाप्पा मास्तर म्हणाले, "वर्षाच्या आत उरकायला पायजे बघा, अंबुबाई," आणि अंबुबाईंच्या हातातला अडकित्ता सुपारीवर थांबला. वाक्य साधंच होतं. निपाणीच्या बाजारात दर आठवड्याला कुणी ना कुणी ते म्हणत असेल. घरातलं मोठं माणूस गेलं की शुभकार्य वर्षाच्या आत करायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मास्तरांची बायको श्रावणात वारली होती. आता कार्तिक लागला होता. चौदा वर्षांची नात, वसुधा, लहानपणापासून आजीआजोबांपाशीच वाढलेली; तिचा बाप हुबळीला रेल्वेत, आणि त्यानं सगळं म्हाताऱ्यावर सोपवलेलं. शारदा कायद्याला भ्यायचंही आता कारण नव्हतं, चौदा पूर्ण झाली होती. सगळं कसं चोख होतं. पण ते वाक्य ज्या आवाजात आलं तो आवाज, तो 'बघा'वरचा लाडिक हेल, बशी ओठाला लावण्याआधी घेतलेला तो तृप्त श्वास, हे सगळं अंबुबाईंनी पूर्वी एकदा ऐकलं होतं. तेव्हा त्या बांबूच्या तट्ट्यापलीकडं बसल्या होत्या, आणि वर्षाच्या आत उरकायचं होतं ते त्यांचंच लग्न.

"तुमच्या रघुवीरला बघा आमची वसू," मास्तर पुढं म्हणाले. रघुवीर म्हणजे अंबुबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. "कॉलेजात शिकतोय म्हणं कोल्हापूरला. शिकलेल्या पोराला शिकलेली बायको. सातवीच्या फायनलला बसणार हुती ही मार्चात. आता बसून तरी काय करायचं म्हणा." वसुधा आजोबांच्या मागं जाजमाच्या कडेला बसली होती. पुढं आलेलं कपाळ, शाईनं निळं झालेलं बोट. अंबुबाईंनी तिच्याकडं पाहिल्यासारखं केलं आणि पाहिलं नाही. त्यांना म्हाताऱ्याचा चेहराच पुरत नव्हता. सुरकुत्या पडल्या होत्या, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, नव्या मंत्रिमंडळापासून डोक्यावर खादीची टोपी आली होती, गेल्याच महिन्यात या गृहस्थांनी वाचनालयात स्त्रीशिक्षणावर व्याख्यान दिलं होतं आणि शेवटी हात करून सांगितलं होतं, "ह्या अंबुबाई माझ्या विद्यार्थिनी. प्लेगाच्या झोपड्यांतल्या शाळेत माझ्या हाताखाली शिकल्या. ह्यांचं स्थळबी मीच जमवलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अंबुबाईंनी मान लववली होती, आणि घरी येऊन जेवल्या नव्हत्या.

विद्यार्थिनी! दिल्लीदरबाराच्या साली बेळगावात उंदीर पडायला लागले आणि गल्लीच्या गल्ली घराला कुलपं घालून सांबऱ्याच्या वाटेवरच्या माळावर येऊन पडली, तेव्हा अंबू अकरा वर्षांची होती. बापाचं कापडदुकानात मापारीपण, आई, पाठचे दोन भाऊ. बांबू, तट्टे, वर गवत. झोपड्यांच्या ओळी सरकारनं आखून दिलेल्या, आणि ओळीच्या टोकाला फिनेलचा वास. गावात असताना ती मुलींच्या शाळेत तिसरीत होती. ती शाळा बंद पडली, बाई माहेरी निघून गेल्या त्या गेल्याच. माळावर शाळा उभी राहिली ती मुलांची. मोठा तंबू, आत फळा, आणि आण्णाप्पा मास्तर, तेव्हा तिशीचे, काळ्या मिशांचे. पोरींसाठी काही नव्हतं, आणि नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. पोरींना वेळ कुठला? विहीर एक, तिच्यात लाल औषध टाकलेलं, आणि ओळ अशी की पहाटे घागर लावावी तर उन्हं तापल्यावर भरावी. धाकटी पोरं पोरींनी सांभाळायची. उघड्या माळावर आडोसा नाही, म्हणून अंधार पडेपर्यंत पोट आवळून धरायचं. दिवसभर तंबूत बसणार कोण? शिवाय कारंटीतल्या, साथीच्या छावणीतल्या, पोरींकडं शिपाई बघतात, अशी बायकांत कुजबुज. आया पोरींना झोपडीच्या दारातही उभं राहू देत नसत.

तरी तिघी गेल्या. अंबू, भागू आणि सोनाराची चंद्री. मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि भागूनं, ती सगळ्यांत धीट, विचारलं, "गुर्जी, आमी बी बसू?" मास्तर हसले. वाईट हसले नाहीत. तीच तर गंमत होती या माणसाची, तो कधी वाईट वागलाच नाही. "आत पोरं हाईत गं," ते म्हणाले. "मागं तट्ट्याच्या सावलीला बसा. ऐकू येतंय तिथं. पण शाळेच्या घागरी तुमी भरायच्या." मग तिघींनी शाळेच्या घागरी भरल्या. घरच्या भरून झाल्या की शाळेच्या. मुलं आत पाणी पीत आणि पाढे म्हणत, आणि तट्ट्याच्या बाहेर या तिघी मातीत बोटानं तेच पाढे गिरवत. आतून एक रकाना ऐकायचा, बाहेर लिहायचा, वारा आला की पुन्हा लिहायचा. अंबूला त्यात काही अन्याय वाटत नव्हता. पुढं आयुष्यभर तिला संताप आला तो याचाच, की तेव्हा तिला अन्याय वाटला नव्हता. उलट डोक्यावर घागर घेऊन तंबूकडं जाताना ऊर भरून येत असे.

माघात आई गेली. काखेत गाठ, दोन दिवस ताप, आणि मग ओळीतल्या लोकांनी लांबून पाहिलेलं ते उचलणं. बाप झोपडीच्या खांबाला टेकून बसे आणि बसूनच राही. भावांना अंबूनं भरवायचं, पाणी अंबूनं आणायचं, आणि तरी ती तट्ट्याशी जाऊन बसे, कधी धाकट्याला मांडीवर घेऊन. त्याच दिवसांत डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले. तंबूत खुर्ची, खुर्चीवर लाल पगडी, आणि मुलांची बोबडी वळलेली. "मलप्रभा कुठं उगम पावते?" साहेबांनी विचारलं. कुणी कृष्णेचं नाव घेतलं, कुणी नुसतंच महाबळेश्वर.  आणि तट्ट्यापलीकडून अंबूचा आवाज आला, "कणकुंबीला." तिनं तोंडावर हात दाबला, पण शब्द गेला होता. साहेबांनी तिला आत बोलावलं. तंबूच्या आत ती तेव्हा पहिल्यांदा आली. आत गार होतं, एवढं तिला अजून आठवतं. त्यांनी पुस्तक हातात दिलं, तिनं धडाधडा वाचलं, हिशेब घातले, तिनं तोंडी सोडवले. तिच्या कडेवर भाऊ होता. साहेब मास्तरांकडं वळून म्हणाले, "ही मुलगी बेळगावच्या मोठ्या शाळेत गेली पाहिजे, मास्तर. मुलींना स्कॉलरशिप आहे, राहायची सोय आहे. कॅम्प उठला की मला कळवा. विसरू नका." मास्तर म्हणाले, "व्हय साहेब."

संध्याकाळी मास्तर झोपडीत आले. अंबूनं तट्ट्याला कान लावला. आता आपलं नाव निघणार, मोठ्या शाळेचं नाव निघणार, बाप नको म्हणेल, पण मास्तर पटवतील. तिनं धाकट्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, रडू नये म्हणून. मास्तर बापाला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. घरात बाई न्हाय, तुमी दिवसभर असं बसून. हिच्याकडं कोण बघणार? वर्षाच्या आत उरकायला पायजे बघा. निपाणीत एक स्थळ हाय. तंबाखूची वखार. बायको ह्याच साथीत गेली त्येची." त्यांना कुणीतरी चहा दिला होता. बशीचा तो आवाज तट्ट्यातून आला. आणि शाळेबद्दल एक अक्षर नाही. डेप्युटीसाहेबांबद्दल एक अक्षर नाही. अंबू वाट बघत राहिली, की शेवटी सांगतील, उठताना सांगतील, दारातनं वळून सांगतील.

लग्न माळावरच झालं. वाजंत्री नाही, गर्दीला मनाई होती. मुंडावळ्यांना फिनेलचा वास. वर तेहतीस वर्षांचा. मारुतीराव वाईट माणूस नव्हता, हे अंबुबाई कुणालाही शपथेवर सांगतील. त्यानं कधी हात उगारला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही, मूल झालं नाही म्हणून दुसरी केली नाही, आणि पाच वर्षांपूर्वी जाताना वखारीच्या किल्ल्या धाकट्या भावाच्या, हरिभाऊंच्या, हातात न देता हिच्या हातात दिल्या. पण चांगलं घर मिळालं की चोरी माफ होते, असं कुणी सांगितलं? रात्री तंबाखूच्या उग्र वासात पडल्या पडल्या कितीदा तरी त्या मोठ्या शाळेत गेल्या होत्या. ती शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती, म्हणून मनानंच बांधली होती: लांब व्हरांडा, बाकं, आणि आत गार. तिथं त्या मॅट्रिक झाल्या, मास्तरीण झाल्या, डेप्युटीच्या खुर्चीतसुद्धा बसल्या. जाग आली की वखारीतल्या बायकांच्या खोकल्याचा आवाज. मास्तरांची पुढं निपाणीला बदली झाली, ते इथंच राहिले, म्हातारे झाले, आणि दर दसऱ्याला सोनं द्यायला येत राहिले. दर दसऱ्याला अंबुबाई त्यांच्या पाया पडत राहिल्या, आणि वाकताना दर वेळी मनात म्हणत, थांब.

"बरं हाय की," अंबुबाई आता म्हणाल्या, आणि अडकित्त्यानं सुपारी कटकन फोडली. "पोरगी चांगली हाय. भाऊजींशी बोलते. पण आमचा शब्द झाला असंच धरा." मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुमचे उपकार," ते म्हणाले. अंबुबाईंच्या अंगावर शहारा आला. असा सुखाचा शहारा त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता. कारण मास्तर 'वर्ष' म्हणाले तेव्हाच सगळं डोक्यात लख्ख लागलं होतं. शब्द दिला की म्हाताऱ्याला दुसरीकडं स्थळ बघता येणार नाही. अब्रूचा माणूस, शब्दाला जागणार. आणि श्रावणातलं वर्षश्राद्ध एकदा होऊन गेलं की त्याच्याच शास्त्राप्रमाणं तीन वर्षं त्याला हात चोळत बसावं लागणार. नाक दाबायचं ते त्याच्याच बोटांनी.

मग त्या सावकाश खेळल्या. मार्गशीर्षात म्हणाल्या, पत्रिका जुळवू. पौषात कोण लग्नाचं बोलतं? माघात आईचं आठवतं, म्हणून नको म्हणाल्या, आणि हे बोलताना मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काही हललं नाही. फाल्गुनात सांगितलं, रघुवीरची परीक्षा. ही परीक्षा तर सोन्यासारखी कामी आली. पोराची परीक्षा म्हटल्यावर मास्तर स्वतःच म्हणाले, "न्हाय न्हाय, आधी परीक्षा. शिक्षणाच्या आड यायचं न्हाय." अंबुबाईंना त्या रात्री हसू आवरेना. उशीत तोंड खुपसून त्या हसल्या, मोठ्या जाऊबाई असून. रघुवीर तर खूशच होता, त्याला लग्न नकोच होतं. हरिभाऊ कुरकुरले, "वैनी, शब्द दिलाय, माणूस रोज दारात येतंय," पण किल्ल्या वैनीच्या कमरेला होत्या. वैशाखात परीक्षेचा निकाल, ज्येष्ठात हरिभाऊंचं पोटदुखणं, आषाढात काय, आषाढच. मास्तर वाळत चालले. दारातनं येताना आधी छत्री मग ते, असे दिसू लागले. ते तारखा सुचवत, आणि अंबुबाई पानाचं तबक पुढं सारत. शब्दाची आठवण म्हणून अंबुबाईंनी मधे एक साडी धाडली होती, हिरवी, काठाची. कुणी नेली, कुणी नेसली, विचारलं नाही. वसुधा त्या सगळ्या महिन्यांत त्यांच्या मनात एकदाही आली नाही. आली तरी एवढीच, की तिला तीन वर्षं मिळतील, शिकेल, पोरीचं कल्याणच होईल. पण ते वर ठेवलेल्या तुळशीच्या पानासारखं. खालचं नैवेद्याचं ताट होतं ते सुडाचंच, आणि अंबुबाई स्वतःशी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबुबाई चालत मास्तरांच्या घरी गेल्या. निपाणीत एवढ्या वर्षांत त्या या घराची पायरी पहिल्यांदाच चढत होत्या. मास्तर श्राद्धानंतरच्या थकव्यानं सोप्यावर पडले होते, ते धडपडत उठले. त्यांना वाटलं, शेवटी तारीखच घेऊन आल्या.

"लग्न न्हाय हुणार, मास्तर," अंबुबाई उभ्यानंच म्हणाल्या.

"म्हंजे? कवा हुणार?"

"न्हायच हुणार. वर्ष झालं. आता तीन वर्षं तुमाला लग्नाचं नावबी काढता येत न्हाय. तुमचंच शास्त्र."

मास्तरांनी भिंतीचा आधार घेतला. "शब्द दिलता तुमी, अंबुबाई."

"व्हय. दिलता. तुमीबी एकदा दिलता. डेप्युटीसाहेबाला 'व्हय साहेब' म्हणालता. माझ्या कानांनी ऐकलंय मी. मला मोठ्या शाळेत धाडायला सांगितलतं त्येंनी. तुमी संध्याकाळी येऊन माझा बाजार केलासा!"

आवाज फाटला. हा क्षण त्यांनी इतक्यांदा मनात उभा केला होता, की खरा आल्यावर तो थोडा जुनाच वाटला. आता म्हातारा पांढरा पडेल. आता तो आठवेल, थरथरेल, हात जोडेल. मास्तर त्यांच्याकडं बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते नुसतं गोंधळल्यासारखं, आणि मग, अंबुबाईंना दिसलं, हलकं झाल्यासारखं. म्हणजे एवढंच होय, असं.

"त्ये व्हय?" ते म्हणाले. "अवो, डेप्युटीसाहेब असं समद्याच पोरींना म्हणायचे. जाईल त्या झोपड्यांत. एखादी पोरगी बोलली की हिला मोठ्या शाळेत धाडा, मला कळवा. सवयच हुती त्येंची. किती पोरींचं कळवायचं? आणि कळवून काय, आईबाप धाडणार हुते? मी तुमचं भलं बघितलं. बिनआईची पोर माळावर पडलीवती."

अंबुबाईंच्या कानात नुसता वारा भरला. समद्याच पोरींना. म्हणजे तो लांब व्हरांडा, ती बाकं, तो गारवा, ज्याच्यावर त्यांनी एवढी वर्षं काढली, ते सगळं एका पगडीवाल्याच्या तोंडची सवय होती? कणकुंबी म्हणाली काय आणि महाबळेश्वर म्हणाली काय. आणि मग राग परत आला, आधीपेक्षा थंड, आधीपेक्षा मोठा. भागू आली त्यात. तीनच वर्षांनी बाळंतपणात गेलेली. चंद्री आली. आणि कुठल्या कुठल्या माळांवरच्या, घागरी घेतलेल्या, तोंडही न पाहिलेल्या.

"म्हंजे मी एकटी न्हाय तर," त्या म्हणाल्या. "समद्यांचंच बुडवलंसा तुमी."

 आता मास्तर पांढरे पडले. हाताशी काही लागत नव्हतं त्यांच्या, भिंतही नाही. ते सोप्यावर मटकन बसले आणि एकदम फार म्हातारे दिसू लागले. अंबुबाईंनी ते पोटभर बघून घेतलं. वाट बघितली होती, बघून घ्यायला हवंच होतं.

आतल्या दारात वसुधा उभी होती. हातांना पीठ, अंगावर हिरवी साडी, आणि बोटावर शाईचा डाग नाही. अंबुबाई तिच्याकडं वळल्या, आणि आवाज त्यांच्या नकळत मऊ झाला. "ऐकलंस न्हवं बाळ? सुटलीस बघ. तीन वर्षं कोण हात लावत न्हाय तुला. उद्यापास्नं शाळेत जा. फायनल दे."

"फायनल मार्चात झाली," वसुधा म्हणाली.

"मग?"

"तुमचा शब्द झाला त्याच दिवशी माझं नाव काढलं शाळेतनं. सून हुणार म्हटल्यावर रस्त्यानं दप्तर घेऊन फिरायचं न्हाय, म्हणून. बाई दोनदा घरी आल्या, आजोबांनी सांगितलं, तंबाखूच्या वखारीत दिलीय." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द निवडून. "वर्गातली मागं बसणारी तारा बी पास झाली. धारवाडला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली. जागा भरल्या आता. मी रोज तुमच्या घराकडं बघायची, की एकदा तरी कुणीतरी येऊन विचारील, पोरगी शाळेत जातीय का."

"मला ठाव नव्हतं गं," अंबुबाई म्हणाल्या.

"विचारलं न्हाय तुमी."

मास्तर मधेच काहीतरी पुटपुटले. दोघींपैकी कुणीही तिकडं पाहिलं नाही. अंबुबाईंना वाटलं, पुढं व्हावं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा, म्हणावं मी बेळगावला धाडते, मोठ्या शाळेत, सगळं मी बघते. त्या म्हणाल्यासुद्धा तसं. वसुधानं मान हलवली. "जाईन," ती म्हणाली. "धाडा. तुमी धाडायलाच पायजे." आणि ती त्यांच्या पाया पडायला वाकली, रीतीप्रमाणं, पिठाचे हात मागं धरून. उठली तेव्हा तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. शांत, नीट, काहीही न विसरणारी नजर होती, आणि ती रोखलेली होती अंबुबाईंवर, आजोबांवर नाही. अंबुबाईंनी आशीर्वादासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. ही पोरगी शिकणार, खूप शिकणार, आणि दर दसऱ्याला सोनं द्यायला येऊन अशीच पाया पडणार, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळून चुकलं.